स्कायरिम, ऑब्लिव्हियन, मॉरोविंड : आत कुठून शिरायचं आणि ठेच कुठे लागते

स्कायरिम संपवून कुणी म्हणाला, 'आता मागचे दोन काढतो', की पुढचं बहुतेक ठरलेलं असतं. मॉरोविंड उघडतो, गावाबाहेरच्या पहिल्याच कुर्लीवर वीस वार करतो, त्यातले सतरा-अठरा हुकतात आणि गेम बिघडलेला आहे म्हणून तो बंद होतो. मग ऑब्लिव्हियन. तिथे तीस तास मजेत जातात आणि एका दिवशी रस्त्यावरचा भुरटा दरोडेखोर काचेचं महागडं चिलखत घालून समोर उभा राहतो. तोही गेम बंद.

गेम बिघडलेले नसतात. तिन्ही एकाच घरातले असले तरी प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे. मॉरोविंड तुमच्या कौशल्याचा आकडा बघतो, ऑब्लिव्हियन तुमची लेव्हल बघतो आणि स्कायरिमला तुमची तलवार लागली की पुरे. कोणता गेम काय मोजतो हे कळलं की निम्मा त्रास संपतो. उरलेला निम्मा खाली पायरीपायरीने.

१. आधी क्रम ठरवा

'द एल्डर स्क्रोल्स' ही बेथेस्डाची मालिका. एरेना १९९४ चा, डॅगरफॉल १९९६ चा, मॉरोविंड २००२, ऑब्लिव्हियन २००६, स्कायरिम २०११. पहिले दोन स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) फुकट आहेत, पण नवख्याने त्यांना आत्ता हात लावू नये. डॅगरफॉलच्या तळघरांतून बाहेर पडायचा रस्ता जुन्या खेळाडूंनाही सापडत नाही.

कथेसाठी क्रम पाळायची गरज नाही. मॉरोविंड आणि ऑब्लिव्हियन यांच्यात गेममधली सहा वर्षं आहेत, तर स्कायरिम त्यानंतर दोनशे वर्षांनी घडतो. राजे-देव यांची नावं पुन्हा येतात, पण मागचं न खेळल्यामुळे काही अडत नाही.

ज्यांनी रोल-प्लेइंग गेम कधीच खेळलेला नाही त्यांनी स्कायरिम, मग ऑब्लिव्हियन, मग मॉरोविंड असं मागे मागे जावं, म्हणजे एका वेळी एकेकच सोय सुटते. ज्यांना वाचायला आवडतं, किंवा ज्यांचा लॅपटॉप कॉलेजच्या असाइनमेंटपुरताच आहे, त्यांनी सरळ मॉरोविंडपासून सुरुवात करावी. या दुसऱ्या वाटेचा एकच तोटा : पुढच्या प्रत्येक गेममध्ये काहीतरी कमी वाटत राहतं. आणि ते खरंच कमी झालेलं आहे. कौशल्यं मॉरोविंडमध्ये २७, ऑब्लिव्हियनमध्ये २१, स्कायरिममध्ये १८. चिलखताचे भाग आधी ९ (डावा खांदा वेगळा, उजवा वेगळा), मग ६, मग ५. भाले मॉरोविंडनंतर गेले. हवेत तरंगायचा मंत्रही गेला, कारण ऑब्लिव्हियनपासून मोठी शहरं बाहेरच्या जगापासून तोडून वेगळी लोड होतात. भिंतीवरून उडून आत जाणाऱ्याला आत शहरच दिसलं नसतं.

२. काय काय लागेल

- मॉरोविंड : कोणताही चालू स्थितीतला संगणक, साधारण १ जीबी जागा.
- मूळ ऑब्लिव्हियन : साधारण ५ जीबी जागा, साधा लॅपटॉप चालतो.
- स्कायरिम स्पेशल एडिशन : ८ जीबी रॅम, १२ जीबी जागा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलं बरं.
- ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड (तोच गेम नव्या रूपात, एप्रिल २०२५) : १६ जीबी रॅम, १२५ जीबी जागा आणि तीही एसएसडीवर, जीटीएक्स १०७० टीआयच्या तोडीचं कार्ड. हे किमान आहे, आरामाचं नव्हे.
- माऊस. लॅपटॉपच्या टचपॅडवर यातला एकही गेम खेळता येत नाही.
- मॉरोविंडसाठी वही-पेन. का ते पुढे.
- डेस्कटॉप असेल तर यूपीएस. गोव्यात मृगाच्या पहिल्या सरीपासून चवथ उलटेपर्यंत वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि सेव्ह होत असतानाच ती गेली तर ती सेव्ह फाइल खराब होऊ शकते.

विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवायचा हे इथे कुणाला सांगायला नको. राउटरचाही काढा, एवढंच.

३. विकत घेणं आणि उतरवणं

स्टीमवर किमती रुपयांत दिसतात आणि यूपीआयने पैसे भरता येतात. हे गेम जुने आहेत आणि सेलमध्ये वारंवार स्वस्त होतात, त्यामुळे पूर्ण किंमत द्यायची घाई करू नका.

कोणती आवृत्ती घ्यायची? मॉरोविंडची 'गेम ऑफ द इयर' घ्या, दोन्ही जोडभाग (नंतर निघालेल्या जादा कथा) त्यातच येतात. स्कायरिमची स्पेशल एडिशन पुरेशी आहे, तिन्ही जोडभाग आत आहेत. अॅनिव्हर्सरी एडिशनमधला जास्तीचा माल नवख्याच्या यादीत नुसती गर्दी करतो. ऑब्लिव्हियन रीमास्टर्डची साधी आवृत्ती घ्या, 'शिव्हरिंग आयल्स' आणि 'नाइट्स ऑफ द नाइन' तिच्यात आहेत. डीलक्समध्ये घोड्याची चिलखतं मिळतात. (२००६ मध्ये याच गेमने घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला वेगळं विकलं होतं आणि जगभर हसं करून घेतलं होतं. आता तेच आठवण म्हणून विकतात.)

सापळा इथे आहे : मशीन पेलेल की नाही याची खात्री नसताना रीमास्टर्ड घेणं. स्टीम पैसे परत देतं, पण खरेदीपासून १४ दिवसांत आणि खेळ दोन तासांपेक्षा कमी झालेला असेल तरच. पहिल्यांदा सुरू करताना गेम बराच वेळ शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करत बसतो आणि तो वेळही या दोन तासांत धरला जातो. म्हणून पहिल्या बैठकीत पात्राचं नाक-डोळे घडवत बसू नका. भुयार झटपट पार करा, बाहेर उघड्या माळावर या, चित्र अडखळतं का बघा आणि लगेच ठरवा. भुयारात नीट चालणारा गेम माळावर रडतो, हे नेहमीचं आहे.

डाउनलोडचा हिशेब आधी करा. १२५ जीबीला ५० एमबीपीएसच्या लाइनवर साडेपाच तास लागतात, तेही लाइन पूर्ण वेगाने चालली तर. सत्तरी-सांगेकडच्या एखाद्या वाड्यावर मोबाइलच्या रोजच्या २ जीबीवर भिस्त असेल तर दोन महिने. तिथे फायबर असलेल्या मित्राकडे एसएसडी घेऊन जाणं जास्त शहाणपणाचं. वीज गेली तरी डाउनलोड जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू होतं.

४. सेव्ह करायची शिस्त

हे तिन्ही गेमना लागू आहे आणि वगळण्यासारखं मुळीच नाही. एकाच क्विकसेव्हवर विसंबू नका. दर अर्ध्या तासाने नवीन सेव्ह करा आणि निदान पाच जुन्या ठेवा. नुसतं बिघाडाचं भय नाही; या गेममध्ये चूक केलेली लक्षात यायला कधी कधी चार तास जातात.

मॉरोविंडमध्ये तर कथेला आवश्यक असलेला माणूसही मारता येतो. गेम तुम्हाला गंभीर शब्दांत सांगतो की भाकिताचा धागा तुटला, आणि पुढे हवं तर खेळूही देतो. ऑब्लिव्हियनमध्ये अशी माणसं बेशुद्ध पडून पुन्हा उठतात, स्कायरिममध्ये गुडघ्यावर बसतात. पुढच्या दोन गेमची ही सवय घेऊन मॉरोविंडमध्ये तलवार उपसाल तर फसाल.

तिन्ही गेममध्ये सबटायटल्स चालू आहेत का बघा. नावं कानाने पकडता येत नाहीत.

५. स्कायरिम : पहिले दहा तास

यात फारसं शिकायला नाही, म्हणून थोडक्यात.

सुरुवातीच्या हेल्गन गावातून सुटलात की रिव्हरवुडच्या वाटेवर तीन उभे दगड लागतात. योद्धा, चोर आणि मांत्रिक. ज्या तऱ्हेने खेळणार त्याला हात लावा. त्या गटातली कौशल्यं २० टक्के वेगाने वाढतात. नंतर येऊन बदलताही येतं. पात्राचा वर्ग (योद्धा, चोर वगैरे) आधी ठरवावा लागत नाही, जे वापराल ते वाढतं. दर लेव्हलला आरोग्य, जादू किंवा दम यांतल्या एकात १० ची भर आणि एक पर्क, म्हणजे खास क्षमता.

ओझ्याची मर्यादा सुरुवातीला ३००. दमात १० घातले की ओझं ५ ने वाढतं. तरी तुम्ही पहिल्याच दिवशी लोखंडी शिरस्त्राणांनी वाकणार आहात. गावातल्या सामान्य दुकानदाराकडे ७५० मोहरांच्या आसपासच रोकड असते आणि ती ४८ तासांनी, म्हणजे गेममधल्या दोन दिवसांनी, पुन्हा भरते. म्हणून वजनाच्या मानाने किमती माल तेवढा उचला : दागिने, रत्नं, औषधं, मंतरलेल्या वस्तू. व्हाइटरन शहरातलं घर ५,००० मोहरांना मिळतं, ते घ्या. रस्त्यावरच्या पिंपात माल ठेवला की काही दिवसांनी तो नाहीसा होतो. मॉरोविंडमध्ये मात्र जमिनीवर ठेवलेली वस्तू वर्षाने गेलात तरी तिथेच सापडते.

इथले दोन सापळे. पहिला : व्हाइटरनमध्ये बसून लोहारकाम, औषधं आणि खिसेकापूपणा यांवर लेव्हल २० गाठायची. मग बाहेर पडल्यावर शत्रू तुमच्या लेव्हलनुसार तगडे असतात आणि तुमची तलवार मात्र अजून पोरकट असते. दुसरा : लपून बाण मारणं. लपून मारलेल्या बाणाला दुप्पट इजा, पर्क घेतला तर तिप्पट, त्यामुळे ज्याने मांत्रिक व्हायचं ठरवलेलं असतं तोही पंधराव्या तासाला धनुष्य घेऊन झुडपात बसलेला असतो. त्यात वाईट काही नाही, पण गेमचा उरलेला पाऊण भाग दिसत नाही.

सोन्याच्या पंजाचं कोडं अडलं तर पंजा पिशवीतच उलटा फिरवून बघा. उत्तर तळव्यावर कोरलेलं आहे.

६. ऑब्लिव्हियन : लेव्हल वाढली म्हणून खूश होऊ नका

तिघांतला हा मधला भाऊ. याच्यातल्या गिल्डच्या (संघटनांच्या) कथा सगळ्यांत चांगल्या आहेत. चोरांचा गिल्ड आणि मारेकऱ्यांचा डार्क ब्रदरहूड यांची सर पुढे स्कायरिमला आली नाही. आणि लेव्हल वाढण्याची पद्धत तिघांत सगळ्यांत दुष्ट.

मूळ २००६ च्या गेममध्ये ती अशी चालते. वर्ग निवडताना सात कौशल्यं मुख्य ठरतात. या सातांत मिळून १० वाढ झाली की झोपल्यावर लेव्हल वाढते. त्या वेळी तीन गुण (ताकद, चपळाई यांसारखे) वाढवायचे असतात आणि प्रत्येकाची वाढ किती होणार हे त्या गुणाखालची कौशल्यं मधल्या काळात किती वाढली यावर ठरतं : काहीच नाही तर १, एक ते चार वाढींना २, पाच ते सातला ३, आठ-नऊला ४, दहाला ५. इकडे शत्रू तुमच्या लेव्हलबरोबर वाढतच असतात, तुम्ही १ ने वाढलात की ५ ने याच्याशी त्यांना देणंघेणं नाही.

म्हणून सगळ्यांत मोठी चूक म्हणजे धावणं आणि उड्या मारणं, म्हणजे अॅथलेटिक्स आणि अॅक्रोबॅटिक्स, मुख्य कौशल्यांत घेणं. चालता-बोलता लेव्हल वाढते, तलवारीचा आकडा तिथेच राहतो आणि लेव्हल वीसच्या पुढे काचेच्या चिलखतातला दरोडेखोर भेटतो.

मूळ गेम खेळायचा तर असं करा :

अ) तयार वर्ग घेऊ नका, स्वतःचा बनवा. मुख्य सातांत दोन-तीनच रोजची कौशल्यं ठेवा. बाकीची अशी घ्या की जी वाढवायची की नाही हे तुमच्या हातात राहील, उदाहरणार्थ औषधी किंवा एखादी मंत्रशाखा.

आ) एन्ड्युरन्स (चिवटपणाचा गुण) आधी वाढवा. प्रत्येक लेव्हलला त्याचा दहावा हिस्सा आरोग्यात जमा होतो आणि मागच्या लेव्हलचा हिस्सा नंतर मिळत नाही. त्याखालची कौशल्यं तीन : ढाल, जड चिलखत आणि शस्त्रं दुरुस्त करणं. यांत मिळून दहा वाढी झाल्याशिवाय झोपू नका.

इ) भुयारातून बाहेर पडायच्या दारात गेम वंश, जन्मरास, वर्ग सगळं पुन्हा बदलू देतो. तिथे एक वेगळी सेव्ह करून ठेवा. पुन्हा सुरुवात करायची झाली तर तोच शिकवणीचा भाग टळतो.

ई) क्वॅच शहर लवकर उरका. कमी लेव्हलला तिथल्या दारातून किरकोळ सैतान येतात. पंधरा-वीसला तेच काम घाम काढतं.

उ) बक्षिसाची शस्त्रं मात्र उलट वागतात. ती ज्या लेव्हलला मिळाली त्या ताकदीचीच राहतात. नाव असलेली तलवार लेव्हल ३ ला मिळवलीत तर ती कायम लेव्हल ३ चीच. अशी कामं मागे ठेवा. नॉक्टर्नल या देवीची न तुटणारी किल्ली मात्र लेव्हल १० होताच आणा, कारण कुलपं उघडायचा खेळ नवख्यांना रडवतो.

रीमास्टर्डमध्ये यातलं बरंच गणित गेलं. कोणतंही कौशल्य लेव्हलमध्ये धरलं जातं, दर लेव्हलला १२ पॉइंट मिळतात आणि ते तीन गुणांत, एकात जास्तीत जास्त ५, असे वाटायचे. दौडही आली. पण शत्रू अजून तुमच्याबरोबरच वाढतात आणि बक्षिसांचा नियमही तोच आहे, तेव्हा ई आणि उ तिथेही पाळा. मशीन पेलत असेल तर नवख्याने रीमास्टर्डच घ्यावा.

७. मॉरोविंड : आकडा वाचायला शिका

व्हार्डनफेल बेटावर झाडांएवढी अळमी उगवलेली असतात आणि आपल्याकडच्यासारखी पावसाची वाट बघत नाहीत. हे जग तिन्हींत सगळ्यांत परकं आणि सगळ्यांत खरं वाटतं. फक्त लढाईचा पहिला तास सोसावा लागतो.

वार का हुकतो, ते आधी समजून घ्या. पडद्यावर तलवार शत्रूच्या अंगातून गेली तरी गेम आत फासा टाकतो. हिशेब असा : शस्त्राचं कौशल्य, अधिक अजिलिटीचा (चपळाईचा) पाचवा हिस्सा, अधिक लकचा (नशिबाचा) दहावा हिस्सा. त्या बेरजेला दमाने गुणायचं. हिरवी पट्टी भरलेली असेल तर १.२५, रिकामी असेल तर ०.७५. त्यातून शत्रूची चुकवण्याची क्षमता वजा.

आता आकडे घाला. अजिलिटी ४०, लक ४०, शत्रूचंही तेवढंच आणि त्याचा दम भरलेला. कौशल्य ५ असताना तुमच्या शंभरांतले सहाच वार लागतात. कौशल्य ५० असेल तर बासष्ट. तेच ५० चं कौशल्य, पण तुम्ही धावत येऊन दम संपवलेला असेल तर एकतीस. म्हणजे नवख्याच्या दोन चुका मिळून गेम 'बिघडतो' : न येणारं शस्त्र हातात घेणं आणि पळत जाऊन भिडणं.

पहिली चूक तर गेमच करायला लावतो. सुरुवातीच्या सेडा नीन गावातल्या कचेरीत टेबलावर एक लोखंडी सुरा पडलेला असतो. तुम्ही वर्ग घेतलेला असतो लाँग ब्लेडचा (लांब तलवारींचा), सुरा चालतो शॉर्ट ब्लेडवर (आखूड पात्यांच्या कौशल्यावर), आणि तोच घेऊन तुम्ही बाहेर पडता.

पायऱ्या अशा :

अ) वंश रेडगार्ड, विशेष भर लढाईवर, मुख्य कौशल्यांत लाँग ब्लेड. मुख्यचे ३०, लढाईचे ५, वंशाचे १५, असे थेट ५० मिळतात. पहिल्या खेळाला याहून सोपं काही नाही.

आ) गावातल्या अरिलच्या दुकानात जाऊन आपल्या कौशल्याचं शस्त्र घ्या.

इ) सिल्ट स्ट्रायडर या प्रवासी नेणाऱ्या अजस्र किड्यावर बसून बाल्मोरा गावाला जा. चालत जायचा मोह टाळा.

ई) कचेरीत मिळालेलं पाकीट बाल्मोरातल्या केयस कोसेड्सला द्या. तो तुम्हाला आधी अनुभव घेऊन या म्हणतो, ऐका त्याचं. फायटर्स गिल्डचं उंदरांचं काम घ्या.

उ) पहिले पैसे चिलखतावर नव्हे, शिकवणीवर घाला. कौशल्य कमी असताना शिकवणी स्वस्त असते आणि एका लेव्हलला कितीदा शिकायचं याला इथे मर्यादा नाही. ऑब्लिव्हियन आणि स्कायरिममध्ये एका लेव्हलला पाचदाच शिकता येतं.

ऊ) भिडण्याआधी थांबा, पट्टी भरू द्या, मग चालत जा. आरोग्य आणि जादू आपोआप भरत नाहीत, त्यासाठी झोपावं लागतं.

झोपताना मात्र एक सापळा. दोन्ही जोडभाग असलेल्या आवृत्तीत लेव्हल १ लाच रात्री मारेकरी येऊन उभा राहतो. हा मुख्य कथेचा भाग नाही, जोडभागाची घाई आहे. झोपण्याआधी सेव्ह करा. त्याला मारलंत तर त्याचं चिलखत विकून श्रीमंत व्हाल, एवढे की पुढे पैशाची चिंताच उरणार नाही; गेमची चव राखायची असेल तर ते विकू नका.

प्रवास. नकाशावर टिचकी मारून कुठेही पोचायची सोय इथे नाही. सिल्ट स्ट्रायडर, होड्या आणि मेजेस गिल्डमधून (मांत्रिकांच्या संघटनेतून) जादूने पाठवणारे, अशा तीन जाळ्या आहेत आणि त्या सगळ्या गावांना एकसारख्या जोडत नाहीत. कदंबची बस पकडायची, रायबंदरला उतरायचं, फेरीने चोडणला जायचं, तशी सांधेजोड करावी लागते, आणि ती दोन दिवसांत अंगवळणी पडते. त्यावर मार्क आणि रिकॉल हे मंत्र शिका : एका जागी खूण करायची आणि कुठूनही तिथे परतायचं.

पत्तेही पडद्यावरच्या दिशादर्शक बाणाने दाखवले जात नाहीत. माणसं सांगतात ते असं : पुलापलीकडे उत्तरेला जा, दगडाकडे रस्ता फुटतो तिथे डावीकडे. फोंड्याच्या वाड्यावर 'तळीकडून खाली उतरा, कुळागर संपलं की उजव्या हाताला' असा पत्ता सांगतात, तसाच. म्हणून वही. गेमची डायरी तारखेनुसार सगळं एकाखाली एक लिहिते आणि चाळीस पानांनंतर हवं ते सापडत नाही. कामाचं नाव, कुणी दिलं, पत्ता, अशा तीन ओळी लिहून ठेवा. काही पत्ते चुकीचेही सांगितलेले आहेत, तेव्हा अर्धा तास शोधून सापडलं नाही तर पुढच्या कामाला लागा.

स्कायरिममध्ये हा दिशादर्शक बाण बंद करून असंच खेळू म्हणाल तर जमत नाही. तिथली माणसं पत्ता सांगतच नाहीत, कारण बाण आहे हे त्यांना ठाऊक आहे.

माल विकायला काल्डेरा गाठा. घोराक मॅनरमध्ये एक सैतानी पोरटं बसलेलं असतं. ते ५,००० मोहरा बाळगतं आणि वस्तूची पूर्ण किंमत देतं, घासाघीस करत नाही. आणि सेडा नीनबाहेर आकाशातून एक माणूस पडतो, त्याच्या अंगावर उडीच्या मंत्राच्या तीन गुंडाळ्या मिळतात. वापरा खुशाल, पण आधी सेव्ह. उडी अर्ध्या बेटाएवढी जाते, मंत्र सात सेकंदच टिकतो आणि उतरताना मंत्र संपलेला असतो. जमिनीच्या जवळ आल्यावर दुसरी गुंडाळी वाचली तरच जगाल.

८. मॉड : किती आणि कधी

मॉड म्हणजे खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल. पहिल्या खेळात कमीत कमी.

मॉरोविंडसाठी ओपनएमडब्ल्यू घाला. हे फुकट, नव्याने लिहिलेलं इंजिन आहे. विकत घेतलेल्या गेमच्या फाइल्स त्याला दाखवायच्या. आजच्या स्क्रीनवर नीट चालतं आणि कमी कोसळतं. वार हुकणं बंद करणारे मॉडही मिळतात, ते घेऊ नका. शत्रूंचे आकडे त्या हुकण्यावर बेतलेले आहेत.

स्कायरिमसाठी स्काययूआय (सोपे मेनू) आणि अनऑफिशियल पॅच (चुकांची दुरुस्ती) एवढं पुरे. स्काययूआयला एसकेएसई हा मॉडना आधार देणारा जोडप्रोग्राम लागतो आणि एसकेएसईची आवृत्ती गेमच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. स्टीमने रात्रीत गेम अद्ययावत केला की सकाळी काही सुरू होत नाही, याचं कारण हेच. स्टीममध्ये त्या गेमच्या गुणधर्मांत जाऊन 'सुरू करताना तेवढंच अद्ययावत करा' हा पर्याय निवडा आणि गेम नेहमी एसकेएसईच्या लोडरवरून उघडा, स्टीमच्या बटणावरून नाही.

ऑब्लिव्हियन रीमास्टर्डला मॉडचा अधिकृत आधार नाही. लोक मॉड बनवतात, पण नवा पॅच आला की तुमचं तुम्ही बघायचं.

अर्ध्या खेळात मॉड काढून टाकू नका, त्याचे अवशेष सेव्हमध्ये राहतात. काढायचाच असेल तर तो घालण्याआधीच्या सेव्हवर परत जा. पाच जुन्या ठेवल्या असतील तर एखादी तरी सापडेल.